कूलरचं तोंड
मे महिन्यात कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या की त्या ओल्या वासानं मला आर्वीतलं कापूस व्यापाऱ्याचं ऑफिस आठवतं. कूलर एकच, आणि तो माझ्या कॉम्प्युटरसमोर. सकाळी मी माझा पासवर्ड टाकून काम सुरू करायचे आणि दुपारी तो तसाच चालू ठेवून गोदामात गेले की जो तो गारव्याला माझ्याच खुर्चीत येऊन बसायचा. एकदा मालक तणतणत आले. "मॅडम, तुमच्या नावावर रोज सिनेमे चालू राह्यते. हे ऑफिस हाय का टॉकीज?" मी म्हणाले, "साहेब, इथं सगळेच बसते." "सगळे म्हंजे कोण? नाव सांगा." मी तिघा सहकाऱ्यांकडे पाहिलं. नुकताच त्यांनी माझ्या डब्यातला कैरीचा तक्कू चाटूनपुसून खाल्ला होता. तिघेही कूलरच्या जाळीकडे बघत राहिले. माझ्याही तोंडून नाव निघेना. "पुन्हा असं दिसलं तं घरीच बसा," म्हणत मालकांनी कॉम्प्युटरवाल्याकडून माझ्या एकटीच्या लॉगिनचं इंटरनेट बंद करून घेतलं. दुसऱ्या दुपारी गोदामातून आले तर माझी खुर्ची रिकामी होती आणि कूलर शेजारच्या कॉम्प्युटरकडे वळवलेला होता. "ताई, तुमचं तं नेटच नाई," तिघांतला एक हसत म्हणाला, "हवा काऊन वाया घालवाची?" आजही कुठल्या ऑफिसात पाय ठेवला की माणसांचे चेहरे मी नंतर बघते, कूलरचं तोंड कुणाकडे आहे, ते आधी.