वाजंत्र्यांच्या रांगेत

"वाजंत्र्याला काय ठरवलंय?"

मंगलाष्टका लिहून मागायला कोणी दारात आलं की अण्णांचा पहिला प्रश्न हा. वधूचं नाव, वराचं नाव, कुळ, गाव हे सगळं मागाहून. आलेला गृहस्थ गोंधळून आकडा सांगायचा. मग हे धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत म्हणायचे, "तर मग मला त्याच्या निम्मं. नाव अवघड असलं तर दोन रुपये जादा."

आमच्याकडची जुनी लग्नं तुम्ही पाहिली असतील, तर गुलाबी कागदावर छापलेल्या मंगलाष्टका तुमच्याही हाती आल्या असतील. नवरानवरीची नावं कडव्यात गुंफलेली, कडेला वेलबुट्टी, खाली छापखान्याचं नाव. लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसायचं. बेळगावात माझा छोटा छापखाना होता आणि त्यातले निम्मे गुलाबी कागद या अण्णांनी लिहिलेले असत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. खरं नाव मीही सांगत नाही, कारण छापून आलेलं त्यांना कधी दिसलंच नाही.

खासबागेत विणकरांच्या आळीत त्यांची एक खोली होती. नोकरी नव्हती. मंगलाष्टका, गणपतीच्या मेळ्याची पदं, दुकानांच्या जाहिराती, मानपत्रं असं जो मागेल ते लिहायचे. लोक त्यांना मान भरपूर देत, पैसा मात्र देत नसत. कविता म्हणजे देवाची देणगी, तिला पैसा लावला तर पाप लागेल, असा सोयीचा समज गावाने करून घेतला होता. तबलजीला पैसे, मांडववाल्याला पैसे, मलाही पैसे. अण्णांना शाल आणि नारळ.

त्यांची बायको शेजारच्या मागवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरायची. ती एकदा मला म्हणाली, "भाऊजी, शालींनी ट्रंक भरलीया आणि डबं रिकामं हाईत. ह्यास्नी कुणीतरी एकदा जोंधळं देऊन सत्कार करा की."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. मला वाटतं, त्यानंतरच तो वाजंत्र्याचा प्रश्न सुरू झाला.

मला तरी त्यांनी कुठे सोडलं? छापखान्याची चार ओळींची जाहिरात लिहून द्या, म्हटलं. मैत्रीचा भरवसा होता. ते म्हणाले, "कागद फुकट आणतासा काय ओ?"

"नाही."

"शाई?"

"नाही."

"मग शब्द तेवढं फुकट व्हय?" मी निमूटपणे पैसे काढले. जाहिरात मात्र अशी उतरली की मला चार महिने मान वर करायला सवड मिळाली नाही.

आता निपाणीच्या लग्नाचं सांगतो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. तिथले एक मोठे तंबाखूचे व्यापारी, त्यांना सगळे सावकार म्हणत. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांचे दिवाणजी माझ्या छापखान्यात आले, तिथेच अण्णांशी बोलणं झालं. वाजंत्र्यांना तीस ठरले होते, म्हणून अण्णांना पंधरा. दिवाणजींनी मान हलवली. अण्णांनी आठ कडवी लिहिली. नवरी बापाचं घर सोडून निघते त्या सातव्या कडव्याचे खिळे जुळवताना माझेच हात थांबले होते, हे मी आजही कबूल करीन.

आम्ही दोघे मोटारीने निपाणीला गेलो. मांडव वखारीच्याच अंगणात होता. हवेत तंबाखू इतकी की 'सावधान'च्या आधी दहाजण शिंकायचे. तरीही सातव्या कडव्याला बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एवढा गडगंज माणूस, पण सावकारही उपरण्याने डोळे टिपत होते. अण्णा मागे खांबाला टेकून सगळं बघत होते.

वरातीआधी सावकारांनी त्यांना पुढे बोलावलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरस्वतीची किंमत करणारं आम्ही कोण?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत अण्णा थांबले. मग म्हणाले, "सरस्वतीची करू नका, सावकार. माझी करा. दिवाणजींनी पंधरा केलीया."

दिवाणजी वखारीच्या छपराकडे बघू लागले. सावकार हसत म्हणाले, "असं काय बोलतासा अण्णा! तुम्ही काय धंदेवाईक हायसा व्हय?" आणि पाहुण्यांकडे वळले.

अण्णांनी शालीची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला आणि मांडवाच्या कडेला गेले. तिथे वाजंत्री, न्हावी, परीट, कुंभार रांगेने बसले होते. लग्नातला आपापला हक्क घ्यायला ते असे बसत. अण्णा रांगेच्या शेवटी मांडी घालून बसले. पाहुणे माना वळवून बघू लागले. तो काळ तुम्हाला ठाऊक आहे. लिहिणारा माणूस त्या रांगेत बसतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

सावकार तरातरा आले. "उठा आधी. लोक काय म्हणतील? आत चला पंगतीला."

"येतो की. कामाचं तेवढं मिळू दे."

"इथं बसलासा तर इथलंच मिळंल."

"तेच मागतोय," अण्णा म्हणाले.

सावकारांनी रागाने पाठ फिरवली, बाकीच्यांना भराभर पैसे वाटायला लावले आणि वाजंत्र्यांना ओरडून सांगितलं, "चला, उचला! वरात काढा!"

म्हाताऱ्या सनईवाल्याने पैसे कमरेला खोचले आणि सनई मांडीवर आडवी ठेवली. "सावकार, रांग संपल्याबिगर आमी वाजवत न्हाय. अण्णा शेवटाला बसल्यात. त्यांचं झालं की उचलतो."

"तुझे पैसे मिळाले ना?"

"मिळालं की. पण रांग हाय न्हवं?"

नवरानवरी सजवलेल्या मोटारीत बसलेले. व्याही घड्याळ बघू लागले. परीट उठला नाही, कुंभारही उठला नाही. सगळे समोर बघत नुसते बसून राहिले. मग सावकारांनी स्वतःच्या हाताने विड्याच्या पानावर पंधरा रुपये ठेवून अण्णांपुढे धरले. अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि सनई सुरू झाली. त्यानंतर ते पंगतीला बसले आणि चांगल्या चार जिलब्या हाणल्या.

परतताना मी म्हणालो, "शाल तरी घ्यायची होती."

"घेतली असती तर त्या पंधराला त्यांनी बक्षीस म्हटलं असतं," ते म्हणाले.

पुढचे दोन हंगाम निपाणीकडून एकही बोलावणं आलं नाही. घरात ओढाताण होती. वहिनी जादा कांड्या भरायच्या, पण अण्णांनी दर उतरवला नाही, आणि वहिनींनी उतरवू दिला नाही. फुकट लिहिणारे पुष्कळ निघाले. त्यांच्या कडव्यांना कोणी रडेना, हळूहळू लोक कुरकुरत परत आले. अण्णा प्रत्येक लग्नात मुकाट्याने रांगेत जाऊन बसायचे, पैसे घ्यायचे, मग पंगतीला उठायचे. माझ्या ओळखीत हुद्देवाली माणसं पुष्कळ होती. पण ओळख सांगताना छाती फुगावी असा हा एकच माणूस.

लढाई संपली त्या वर्षी ते गेले. आजारपण थोडं आणि उधारी कुणाची नाही.

पुढच्याच लग्नसराईत कंग्राळीचे एक शिक्षक गुलाबी कागदाची चौकशी करत छापखान्यात आले. नव्यानेच लिहू लागले होते. मजकूर देऊन म्हणाले, "गुरुवारच्या आत छापा हं. लग्नाला मला वेळेवर पोचायला पायजे. रांगेला बसायचं असतंय."

"कसली रांग?" मी मुद्दामच विचारलं.

"वाजंत्री, परीट बसत्यात ती. लिहिणाऱ्याचा हक्क तिथंच देत्यात की."

"हे कुणी सुरू केलं?"

एवढं साधं कळू नये याचं नवल वाटून ते माझ्याकडे बघत राहिले. "सुरू कोण करणार ओ? पयल्यापास्नंच हाय ते."