निगेटिव्ह टोक काढलेले असताना

सुरुवातीलाच प्रश्न मांडतो. मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून बाजूला बांधून ठेवले असेल, तर त्या मोटारीचे इंजिन सुरू होऊ शकते का?

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. परिपथ पूर्ण झाल्याशिवाय दिवा लागत नाही, हे मी फळ्यावर किती वेळा काढून दाखवले असेल, त्याची गणती नाही. सहलीला मुले भुताच्या गोष्टी सांगू लागली की मी फक्त ‘पुरावा काय?’ एवढेच विचारीत असे. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि आजही मी ‘आहे’ असे म्हणत नाही. जे घडले ते क्रमाने सांगतो.

आमची गाडी माइल्ड हायब्रिड आहे. म्हणजे ती चालते पेट्रोलवरच, पण तिला दोन बॅटऱ्या असतात. बॉनेटखाली नेहमीची बारा व्होल्टची आणि पुढच्या सीटखाली लिथियमची एक लहान. सिग्नलला थांबलो की इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की पुन्हा सुरू होते. लिथियमची बॅटरी इंजिनाला मदत करते; पण गाडीला जाग येते ती बॉनेटखालच्या बॅटरीमुळेच. ती नसेल तर दाराचा रिमोटसुद्धा चालत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती नीट ध्यानात ठेवावी.

होळीनंतर गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा अधूनमधून लागू लागला. त्याच्या शेजारी एक पिवळा दिवा तर कायमचाच मुक्कामाला आला, आणि सिग्नलला इंजिन बंद होणे थांबले. बॅटरी अशक्त झाली की गाडी ती सोय स्वतःहून बंद ठेवते. माझा जुना विद्यार्थी शकील याचे मोंढा नाक्याजवळ गॅरेज आहे. त्याने टोकांवरची पांढरी भुकटी साफ केली, इंजिनाचा पट्टा तपासला आणि म्हणाला, “सर, नवी बॅटरी टाकू. विषय खतम.”

“जुनी का उतरते ते कळल्याशिवाय नवी टाकली, तर नवीही उतरेल.”

“तुम्ही अजून पेपरच तपासायलात, सर,” तो हसला.

मी घरीच एक साधी चाचणी करायचे ठरवले. बॅटरी भरून घ्यायची, व्होल्टमीटरने मोजायची, निगेटिव्ह टोक काढायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मोजायचे. आकडा टिकला, तर बॅटरी चांगली आहे आणि गाडीतच कुठेतरी वीज झिरपते आहे. आकडा घसरला, तर दोष बॅटरीचा. ही पद्धत कोणीही वापरू शकेल.

आम्ही सिडकोत राहतो. दिवेलागणीला मी पोर्चमध्ये ते टोक काढले, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, सुतळीने गाठ मारली आणि तार बाजूला वळवून ठेवली. माझी पत्नी मंगल शेजारी टॉर्च धरून उभी होती.

“म्हणजे उद्या कुठे जायचं नाही का?” तिने विचारले.

“उद्या कुठे जायचंय?”

“तसं नाही. गाडी लागलीच, तर परवानगी तुमची घ्यायची की बॅटरीची, ते माहीत असावं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगल गच्चीवरच्या कुरडया उलटवून खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली. मे महिना होता, घाम सगळ्यांनाच येत होता. पण तिचा घाम थंड होता. “छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय हो,” ती म्हणाली. डावा हात तिला उचलवत नव्हता.

अँब्युलन्सला फोन केला. जवळची गाडी सिल्लोडच्या बाजूला गेली होती. दुसरी पाठवतो, पण वेळ लागेल, असे सांगण्यात आले. शेजारचे लग्नाला वेरूळला गेलेले. गल्लीत उन्हाशिवाय कोणी नव्हते. मी चावी उचलली, रिमोट दाबला, दार उघडले, तिला मागच्या सीटवर आडवे केले आणि गाडी सुरू केली.

काढलेल्या टोकाची मला आठवणच राहिली नव्हती. हे मी पुन्हा सांगतो, कारण सगळे त्यात आहे. आठवण असती, तर मी गाडीकडे गेलोच नसतो.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता, लाल नाही, पिवळा नाही. जालना रोडवर सिग्नल लागला आणि इंजिन बंद झाले — कित्येक आठवड्यांनी, जसे व्हायला हवे तसे. माझा हात चावीकडे गेला.

“बंद पडली का हो?” मागून तिचा आवाज आला.

“नाही. सिग्नल आहे.”

क्लच दाबला. इंजिन निमूटपणे सुरू झाले.

रुग्णालयाच्या दारात तिला स्ट्रेचरवर घेतले. गाडी बंद करून मी मागे धावलो. आत माझ्याकडून सह्या घेतल्या आणि बाहेर बसायला सांगितले. तेवढ्यात रखवालदार शोधत आला.

“काका, पांढरी गाडी तुमचीच ना? थोडी बाजूला घ्या, अँब्युलन्स यायलीय.”

मी चावी फिरवली. काहीच झाले नाही. दिवा नाही, टिकटिक नाही. बॉनेट उघडले, आणि तेव्हा मला कालची संध्याकाळ आठवली. तार बाजूला वळवलेली होती. ट्यूब होती. सुतळीची गाठ माझीच होती.

“बॅटरी उतरली काय?” रखवालदाराने वाकून पाहिले.

“नाही. तारच लावलेली नाही.”

“मंग आली कशी?”

“तेच पाहतोय.”

“ढकलत आणली काय, काका?”

मी गिअर न्यूट्रलला घेतला. आम्ही दोघांनी गाडी ढकलून कडेला लावली. फोटो काढायचे सुचले नाही. माझे लक्ष आतल्या दाराकडे होते.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “मोठी नस बंद होती, ती उघडली आहे. वेळेत आणलंत. उशीर झाला असता, तर मी हे असं तुमच्यासमोर बोलत नसतो.”

दुसऱ्या दिवशी शकील रुग्णालयात आला. त्याने गाठ सोडण्याआधी ती बोटाने चाचपून पाहिली. “सर, तुम्ही काढलंच नसेल. इथं कुणीतरी काढलं असेल.” शंका रास्त होती; घाईत मी गाडीला कुलूप लावले नव्हते. पण टोक काढताना मंगल टॉर्च धरून उभी होती. आणि अनोळखी माणूस माझ्या पोर्चमधली ट्यूब घेऊन तिथे कशाला येईल? लिथियमच्या बॅटरीवर गाडी चालली असेल, हेही आम्ही नंतर गॅरेजमध्ये तपासले. टोक काढले की रिमोट मुका, चावी मुकी, डॅशबोर्ड काळा. पुन्हा पुन्हा केले. प्रत्येक वेळी तेच.

मूळ बिघाड मात्र सापडला. बॅटरीचा आकडा टिकलेला होता, म्हणजे वीज गाडीतच झिरपत होती. पुढच्या काचेवर मी बसवून घेतलेल्या, रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची तार दुकानदाराने थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडली होती, त्यामुळे गाडी बंद असतानाही तो चालूच राहायचा. ती जोडणी बदलली आणि दोन्ही दिवे गेले. कॅमेऱ्यात त्या दुपारचे काहीच नोंदलेले नव्हते. त्या दिव्यांचे कारण मला सांगता येते. त्या दुपारचे येत नाही.

वॉर्डात मंगलने विचारले, “मग चालू कशी झाली?”

“माहीत नाही.”

“लिहून ठेवा,” ती शेजारच्या पलंगावरच्या बाईंना म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा म्हणालेत.”

ती आता बरी आहे. सकाळी फिरायला जाते, मला चालण्याचा वेग वाढवायला सांगते. डॉक्टरांचे, परिचारिकांचे, रखवालदाराचे आभार मी भेटून मानले. एकाचे आभार मानायचे राहिले आहेत. कोणाचे, ते ठाऊक नाही. म्हणून चावी फिरवण्यापूर्वी क्षणभर हात जोडतो, आणि मंगल तेवढा वेळ थांबते.

माझ्या निरीक्षणात चूक असू शकते. वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशी गाडी असेल, त्यांनी जाणकार मेकॅनिक जवळ ठेवून, गाडी बंद असताना निगेटिव्ह टोक काढावे, ते नीट गुंडाळावे आणि चावी फिरवून पाहावी. माझ्या शब्दावर विसंबू नये. कृपया स्वतः तपासावे, आणि जे दिसेल ते मला कळवावे.