काकांना खरंच काढलं का?

माझे काका सिनेमाच्या सेटचे सुतार. बावीस वर्षं खोटी घरं बांधतायत, पण दार असं बसवतात की खऱ्या घरांनी लाजावं. त्यांच्या कामाला कोणी नावं ठेवली तर गाठ माझ्याशी आहे.

यावेळचा दिग्दर्शक डोक्यावर पडलेला. सिनेमा कशावर, तर सिनेमा बनवण्यावरच. त्यात सुताराचं काम सुतारच करणार, चहावाल्याचं चहावालाच. कॅमेरे दिवसभर चालू. सीन कधी सुरू झाला, कधी संपला, कोणी कोणाला सांगायचं नाही. म्हणे, त्यातच मजा आहे.

मंगळवारी तो काकांवर ओरडला, "उद्यापासून येऊ नका!" काका मुकाट घरी आले.

"काढलं मला."

काकूने विचारलं, "खरंच काढलं की सिनेमात?"

काकांचा घास हातातच राहिला. "ते विचारायचं राहिलंच गं."

घरात कमावणारे ते एकटे. खरंच काढलं नसेल आणि घरी बसले, तर त्यापायी नोकरी जायची. सकाळी मी त्यांना ओढतच सेटवर नेलं.

"साहेब, यांची नोकरी आहे की गेली?"

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. "वा! पुन्हा विचार, पण कॅमेऱ्याकडे बघू नकोस. काका, तुम्ही जरा रडा."

"ते नाही रडणार. तुम्हीच रडा."

"हेही छान!"

माझा हात चपलेकडे गेला. काका मात्र शांत. त्यांनी पेचकस काढला आणि सेटच्या दाराच्या बिजागऱ्या खोलायला लागले. दार निघालं. खिडकी निघाली. मग त्यांनी भिंतीमागच्या टेकूला हात घातला.

"अहो, काय करताय? दुपारी इथेच शूटिंग आहे!"

"काढलेल्या माणसाला काय त्याचं?"

"कोणी काढलं? तो सीन होता!"

"आणि हे आत्ता बोललात ते?"

दिग्दर्शकाने कॅमेऱ्याकडे बघितलं. सीन की खरं, त्यालाच कळेना. भिंत करकरली.

काकांनी त्याच्यापुढे प्लायचा तुकडा धरला. "लिहा. सिनेमात काहीही होवो, सुतार कामावर आहे. खाली सही."

त्याने केली. आणि म्हणतो कसा, "मस्त! पण हात थरथरायला हवा होता. पुन्हा घेऊ."

"घ्या की," काका म्हणाले आणि नवा तुकडा शोधायला गेले.

पाच वेळा घेतलं. पाचव्या वेळी काकांनी रविवारची सुट्टीपण लिहून घेतली.

आज रविवार. काका घरी आहेत, काकूच्या कपाटाला कप्पा मारतायत आणि सकाळपासून तिचीच बोलणी खातायत.