श्रीपादकाकांचं पंचविसावं भाषण

श्रीपादकाका वाईट माणूस नव्हते, फक्त फार लांबण लावायचे. नोएडातल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि दर संक्रांतीला आम्हा मराठी मंडळाच्या लोकांना बसमध्ये घालून पानिपतला, काला अंबच्या युद्धभूमीवर नेलं. तिथे स्मारकापुढे फेटा बांधून ते दीड तास बोलायचे. भाऊसाहेब अंबारीतून उतरले की काका हमखास रडायचे. थंडीने आमचे दात वाजत असायचे आणि मागे मंडळातला सुजय काकांची हुबेहूब नक्कल करत असायचा. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा मला पहिली खोली काकांनीच मिळवून दिली होती, हेही सांगून टाकतो.

यंदाच्या जानेवारीत त्यांचं पंचविसावं भाषण होतं. महिनाभर तयारी चालली होती आणि पाच तारखेला त्यांना स्वाइन फ्लू झाला. डॉक्टर म्हणाले, घरीच वेगळ्या खोलीत राहा, सलग दोन दिवस ताप आला नाही तर बाहेर पडा. ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मंडळाचा अध्यक्ष यशोधन मात्र कॅबमध्ये मला म्हणाला, "यार, देवच पावला. यंदा नऊ मिनिटांत उरकू."

पण काका झपाट्याने सुधारत होते. दहा तारखेला त्यांचा ग्रुपवर मेसेज आला, 'मी येणारच.' आमच्यावर संक्रांतच आली. मी साधनाकाकूंना फोन लावला.

"काकू, घाई करू नका हं. ताप आहे ना अजून?"

काकू म्हणाल्या, "आहे."

ताप नव्हता. थर्मामीटर काकूच बघायच्या, कारण चष्म्याशिवाय काकांना ते बारीक आकडे दिसत नसत. आणि बायकोचा शब्द पडताळून पाहायची चाळीस वर्षांत त्यांना सवय नव्हती. अठ्ठ्याण्णव आला की काकू शंभर सांगायच्या.

चौदा तारखेला यशोधन खरंच नऊ मिनिटं बोलला. काकांना दिसावं म्हणून मी व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. ते पलंगावर फेटा बांधून बसले होते आणि स्वतःचं भाषण पुटपुटत होते. यशोधनने अंबारीचा प्रसंग गाळला, तेव्हा त्यांचे ओठ थांबले. टाळ्या कडाडल्या. चहा गरम मिळाला.

"छान झालं," काका म्हणाले. "लवकर झालं."

त्या संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून स्वतःच थर्मामीटर चालू केला. त्यावर आधी मागचा आकडा दिसतो. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. सकाळी काकूंनी शंभराच्या वर सांगितला होता.

"का गं?" त्यांनी विचारलं.

"लोक हसतात तुम्हाला. मी मागे बसते, मला सगळं दिसतं. यंदा तरी ते बघायला नको होतं मला."

"सगळे हसतात? जयदीपसुद्धा?"

जयदीप म्हणजे मी. या वेळी काकू खोटं बोलल्या नाहीत.

हे सगळं काकूंनी मला परवा सांगितलं. येत्या संक्रांतीच्या बससाठी मी नावं घेत होतो आणि त्यांचा फोन आला. बोलता बोलता त्या रडायला लागल्या. "तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलतात रे. त्यांना ने ना या वेळी. दहा मिनिटं बोलू दे, पाच बोलू दे. हसलात तरी चालेल."

बसमध्ये अकरा जागा रिकाम्या होत्या. यादी माझ्या समोरच होती. पण सकाळी बसमध्ये काका चढणार, माझ्याकडे बघणार, आणि पानिपत येईपर्यंत मला त्यांच्यासमोर बसावं लागणार. माझी छाती झाली नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही त्यांचा राग येत होता.

"बस फुल झाली, काकू. बिल्कुल जागा नाही. पुढच्या वेळी नक्की."

"बरं," काकू म्हणाल्या.

मागून काकांचा आवाज आला. "जयदीप आहे का? त्याला म्हणावं, कानटोपी घेऊन जा. तिथे वारं फार असतं."