तिच्या नावावर काय आहे

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे शहरात अर्थशास्त्र शिकताय, म्हणून मागच्या महिन्यातली एक सकाळ लिहून ठेवते.

पुण्याची एक संशोधक मुलगी काष्टीत आली होती. बायकांच्या नावावर नेमकं काय असतं, हे ती घरोघर विचारत होती. त्यावरून पुढे सरकारला धोरण सुचवायचं होतं. तिचा नियम कडक होता. नवरा-बायकोला एकाच वेळी, पण वेगवेगळं विचारायचं. बायकोला ती आत घेऊन बसे. बाहेर नवऱ्याला गुरं, विहीर, अवजारं यांबद्दल विचारायचं काम माझं, कारण गाव मला ओळखतं.

घरं तिनं चिठ्ठ्या टाकून निवडली होती. त्यात नेमकं माझ्याकडे दूध घालणारीचं घर निघालं.

त्या दूधवालीनं मला एकदा विश्वासानं सांगितलं होतं. वडील गेल्यावर माहेरच्या, तिसगावच्या जमिनीला भावाबरोबर तिचंही नाव लागलं. भावानं हक्क सोडायला सांगितलं नाही, तिनंही सोडला नाही. नवऱ्याला मात्र तिनं सांगून टाकलं, हक्क सोडल्याची सही करून आले म्हणून. "कळलं तर त्यो जमीन इकायला लावंल आन् दारात टेम्पो आनंल, बाई. माजी लेक सासरी सुखात न्हाई. उद्या माघारी आली तर जाईल कुटं?"

सातबारा हल्ली मोबाईलवर दिसतो. नवऱ्याला नुसती शंका यायचा अवकाश.

"हे घर वगळू या का?" मी मुलीला विचारलं.

"आजी, अशी घरं वगळली तर अभ्यासच वाकडा होईल."

कारण सांगता येईना. गुपित माझं नव्हतं.

ओट्यावर बसून मी म्हशींबद्दल विचारत राहिले.

"बाई, एवढ्या मोठ्यानं कशाला? मला येतंय ऐकू," नवरा म्हणाला.

तेवढ्यात वीज गेली. आतल्या पंख्याची घरघर थांबली आणि मुलीचा आवाज स्वच्छ बाहेर आला. "तुमच्या नावावर जमीन आहे? माहेरची, सासरची, कुठलीही?"

त्यानं मान वळवली. मी पुढचा प्रश्न विसरले.

"तिच्या नावावर?" बायको बोलायच्या आत तोच हसला. "म्हशीचं शेपूट बी न्हाई."

"व्हय," ती आतून म्हणाली. "रेशनकार्डावर तेवढं नाव हाय. लिवा."

सुटलो असं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवशी दूध मापताना ती म्हणाली, "त्या पोरीनं 'न्हाई' म्हनून लिवलं आसंल. मग सरकार काय समजनार, बायकांकडं काय नसतंच? तिला फोन लावा. खरं सांगते."

मी कुणाचं नाव न घेता मुलीला विचारलं. उत्तर बदलता येईल, ती म्हणाली, पण बदललेलं उत्तर पडताळायला दुसरा माणूस घरी जातो.

दूधवालीला मी तसंच सांगितलं. तिनं किटली उचलली.

"मंग 'न्हाई'च राहू द्या."

काही घरं ते तशीही पुन्हा तपासतात, असं मुलगी फोन ठेवताना म्हणाली होती. हे मी अजून दूधवालीच्या कानावर घातलेलं नाही. सांगावं तर तिची झोप उडेल. न सांगावं तर एक दिवस कुणीतरी ओट्यावर येऊन नवऱ्यासमोर तोच प्रश्न विचारेल आणि तो मोबाईलवर सातबारा उघडेल.