मावशींची पाऱ्याची बाटली

परवा ताप आला म्हणून दवाखान्यात गेले. नर्सने कपाळासमोर धरलेलं यंत्र ‘पीप’ वाजलं आणि शिरूरच्या एका छोट्या दवाखान्यातली सकाळ आठवली. मी तिथे नवी नर्स होते.

थंडी वाजून दात कडकडत असताना केंदूरच्या एका आबांनी तोंडातला काचेचा थर्मामीटर चावून फोडला. “पारा गिळला म्या. मरतो का काय आता?” म्हणत ते रडायलाच लागले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याभोवती धावपळ केली. त्यांना काहीच झालं नाही.

त्याच गडबडीत सफाई करणाऱ्या शांतामावशी फरशीवर सांडलेले पाऱ्याचे थेंब तळहातावर गोळा करत होत्या. “कसं पळतंय बघा, सिस्टर!” असे थेंब त्या एका बाटलीत साठवायच्या आणि ती उघडीच त्यांच्या बसायच्या खोलीत असायची. मीही कौतुकाने बघायचे.

गिळलेला पारा सहसा तसाच बाहेर पडतो, पण त्याची वाफ श्वासातून बाधते आणि हात थरथरू लागतात, हे मला पुढे एका प्रशिक्षणात कळलं. तोवर मावशींच्या हातातला चहा सांडू लागला होता आणि वय झालं म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेत होतो. त्याच दिवशी मी बाटलीला घट्ट बूच लावून ती उचलली.

“का हो नेता? नातीला दावायची हाय मला,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या थरथरत्या हातांकडे बघत मला खरं कारण सांगता आलं नाही.