आबांची सेंट्री ड्यूटी

महायुद्ध चालू होतं. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून अठ्ठावीस दिवसांची रजा मिळाली. सोलापूरला उतरलो, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायांनी ट्रंक उचकटली, आणि संध्याकाळी पाचला बेंबळीत पोचलो.

वडील, म्हणजे आबा, भिंतीकडं तोंड करून पडले होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. दिवसाकाठी अर्धी भाकरी पोटात जायची.

"समदी कामं आमीच घेतली," थोरले दादा म्हणाले. "आता बसून खावं म्हनलं. तर लई वाळले. हकीम म्हनतो, दुखनं कायबी न्हाय."

मी पडलो फौजी गडी. सकाळी सहाला परेडच्या आवाजात ओरडलो, "आबा, उठा!"

ते उठले. ताठ उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नगं उठवू, बाबा. म्या कुनाच्याच कामाचा न्हाय आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि नाईक रामलिंग आठवला.

तो नळदुर्गचा, आघाडीवरच्या आमच्या सेक्शनमध्ये वयानं सगळ्यांत मोठा. तोही असाच गप्प झाला होता. वयाचा मान म्हणून आम्ही त्याची सेंट्री ड्यूटी, म्हणजे पहाऱ्याची पाळी, काढून घेतली. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता तो रायफल न घेता खंदकाबाहेर पडला आणि शत्रूच्या दिशेनं चालू लागला.

"रामलिंगअण्णा, खाली पडा!" मी ओरडलो. त्यानं मागं पाहिलं नाही. मशीनगन वाजली.

फील्ड टेलिफोनवर साहेबांनी विचारलं, "कोण गेलं?"

"नाईक रामलिंग, सर."

"बाहेर का गेला?"

त्याचं प्रेतही हाती लागलं नाही, सलामीची फैर झाली नाही.

हे सगळं मी त्या सकाळी आबांना सांगितलं. मग त्यांच्या उशाशी गोफण ठेवली. ज्वारी हुरड्यात आली होती, पाखरं तुटून पडत होती. "शेतातल्या राखणीच्या माळ्यावर सहा ते नऊ तुमची ड्यूटी. मला रिपोर्ट पायजे."

तीन दिवस ते हलले नाहीत. मी रोज सहाला शेजारी बसून राहिलो. चौथ्या दिवशी म्हणाले, "थोरल्याला गोफन जमत न्हाय."

"न्हाय जमत."

ते उठले. बरे झाले असं म्हणणार नाही. त्यानंतरही काही दिवस पडूनच जायचे. पण रजेच्या शेवटच्या सकाळी माझ्याआधी माळ्यावर होते.

"तुझ्या त्या नाईकाचं नाव काय?"

"रामलिंग."

त्यांनी गोफण गरगरा फिरवून दगड सोडला. पाखरांचा थवा उठला.

"ह्यो त्येच्या नावाचा," आबा म्हणाले.

मी खाली सावधानमध्ये उभा राहिलो. रामलिंगला मिळालेली सलामी तेवढीच.